गौरीचे हात

भाद्रपद लागला कीं आमच्या घरांतील मंडळींचीं मनें कोंकणाकडे धांवूं लागतात. पुण्यांत राहावयास येऊन आम्हांस आतां तीन पिढ्या झाल्या. तथापि आमचा गणपति अद्याप श्रीवर्धनाकडील जुन्या घरींच बसतो, आणि त्याच्या मागून येणाऱ्या गौरीहि तेथेंच येतात. वर्षांतून हे सात-आठ दिवस चुलते, पुतणे, सुना, लेकी, नातवंडें असा सारा परिवार एका छपराखालीं जमतो. एरव्हीं त्या घरांत आमच्या आत्याबाई एकट्या राहतात. त्यांनीं लग्न केलें नाहीं; तालुक्यांतील शाळांतून पस्तीस वर्षें मुलें शिकविलीं, आणि आतां नव्वदीच्या घरांत आल्या तरी वाडींतील प्रत्येक पोफळीचा हिशेब त्यांच्या बोटांवर असतो.

मुळशीचें धरण मागें टाकून मोटार ताम्हिणीच्या घाटास लागली म्हणजे पुण्याचा शीण तेथेंच उतरतो. डोंगराच्या अंगावरून पाण्याच्या धारा खालीं येत असतात, आणि रस्त्यावर उतरलेल्या ढगांतून भर दुपारीं दिवे लावून वाट काढावी लागते. माणगांवास थांबून चहा घ्यावा, म्हसळ्याची वळणें संपवावीं, आणि खाडीचा खारट वास आला कीं मुलांनीं ‘आलें, आलें’ म्हणून ओरडावें, हा आमचा वर्षानुवर्षांचा क्रम आहे.

म्हसळें सोडल्यावर रस्त्याच्या कडेच्या झुडपांतून आणि शेतांच्या कुंपणांवर एक फूल दिसूं लागतें. मोटार वेगानें जात असली तरी तें डोळ्यांतून सुटत नाहीं; कारण त्या ओल्या हिरव्या रानांत कोणीं जागोजागीं निखारे ठेवावेत तसें तें दिसतें. वेल नाजूक, करंगळीहूनहि बारीक. परंतु तिला आधार धरण्यासाठीं निराळे तणावे लागत नाहींत. प्रत्येक पानाचें टोंकच लांबून वळतें आणि शेजारच्या फांदीस विळखा घालतें. फुलाच्या सहा पाकळ्या उमलतांच मागें उलटतात आणि नागमोडी कडांनीं ज्वाळेसारख्या वर उभ्या राहतात. आरंभीं त्या हिरवट पिंवळ्या असतात. मग बुडाशीं पिंवळ्या व टोंकास शेंदरी होतात, आणि शेवटीं सर्वांगीं लालभडक. सहा केसर पसरलेल्या बोटांप्रमाणें आडवे फांकतात, आणि स्त्रीकेसराचा दांडा बुडाशींच काटकोनांत वळून बाजूस जातो. निसर्गानें एखादी वस्तु उलटी घडवावी आणि ती सुलट वस्तूहून सुंदर व्हावी, असें हें फूल आहे.

ह्याला नांवेंहि तशींच अनेक. संस्कृतांत अग्निशिखा, मराठींत कोणी वाघनखी म्हणतात, कोणी खड्यानाग. परंतु सर्वांच्या तोंडीं असलेलें नांव म्हणजे कळलावी. हें फूल घरांत आणलें तर घरांत कळ लागते, सासूसुनांत बेबनाव होतो, भावाभावांत चुली वेगळ्या होतात, असा समज आहे. प्रसूतीच्या कळा लावते म्हणून ती कळलावी, अशी दुसरी व्युत्पत्तिहि जाणते लोक सांगतात. आमच्या कोंकणांतील घरीं पहिला अर्थ इतका पक्का मानला जातो कीं, मागील अंगणांतील विहिरीजवळच्या गडग्यावर ही वेल दरवर्षीं आपण होऊन फुलते, तरी तिचें एकहि फूल उंबरठ्याच्या आंत येत नाहीं. लहानपणीं आम्ही एकदां तें तोडून देवघराकडे निघालों होतों. आत्याबाईंनीं आमच्या हातून तें घेतलें, गडग्यापलीकडे टाकलें आणि आमचे हात राखेनें घासून धुतले. त्या रागावल्या नाहींत. परंतु त्यांचा चेहरा पाहून आम्हीं पुन्हां तें फूल तोडलें नाहीं.

आणि तरीहि त्याच गांवांत, आमच्या वाडीच्या पलीकडील कुणबी वस्तींत, ह्या फुलावांचून गौर येत नाहीं. तेथील गौर रानांतून येते. तेरड्याचीं व इतर पावसाळी रोपें मुळांसकट उपटून त्यांची जुडी बांधतात, तिला लुगडें नेसवितात, आणि ह्या जुडींत कळलावीचीं फुलें खोंवतात. त्यांना त्या ‘गौरीचे हात’ म्हणतात. पसरलेल्या केसरांकडे पाहिलें म्हणजे ह्या नांवाची यथार्थता पटते. आमच्या घरीं वाडींत कामास येणाऱ्या बाईंस आम्हीं एकदां विचारलें कीं, ह्या फुलानें तुमच्या घरांत भांडण लागत नाहीं काय? त्या हंसून म्हणाल्या, “हातांशिवाय गौर कशी आणायची? भांडण माणसं लावतात. फूल कशाला लावील?”

आमची गौर ह्याहून अगदीं निराळी. कोंकणस्थांच्या रीतीप्रमाणें आमच्या घरीं खड्यांच्या गौरी असतात. घरांतील सवाष्ण वा कुमारिका विहिरीवर जाते, सात खडे वेंचून ताम्हनांत ठेवते आणि घरीं येते. तोंडांत पाण्याची चूळ धरलेली असते, म्हणून वाटेंत तिला एक शब्दहि बोलतां येत नाहीं. त्यांची गौर गात-नाचत येते, आमची गौर मुकाट्यानें येते. हा भेद आम्ही लहानपणापासून पाहत आलों. परंतु त्याचा कांहीं विचार केला नव्हता. यंदा तो करावा लागला.

गौरीपूजनाचा दिवस. सकाळीं पाऊस उघडला होता आणि गडी मागील गडग्याची ढांसळलेली बाजू पुन्हां रचीत होता. आमच्या पुतण्याचा दहा वर्षांचा मुलगा तेथें खेळत होता. थोड्या वेळानें तो धांवत ओसरीवर आला आणि मोठ्या आनंदानें म्हणाला, “आजोबा, कणगर सांपडली!” त्याच्या हातांत एक पांढुरका, मांसल कंद होता, बोटाएवढा जाड, मध्यें वांकलेला, दोन्ही टोंकांस निमुळता. मागच्या पौषांत त्यानें येथेंच उकडलेले करांदे व कणगर खाल्ली होती. तेव्हां त्याची चूक फार मोठी नव्हती. आत्याबाई सुपांत तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्या उठल्या, आणि त्या वयांत त्यांना इतक्या चपळाईनें उठतांना आम्हीं कधीं पाहिलें नव्हतें.

“तोंडांत घातलास का?” त्यांनीं विचारलें.

“नाहीं.”

“नक्की?”

“नाहीं, पणजी. आधीं उकडायचा असतो ना?”

आत्याबाईंनीं तो कंद केळीच्या पानांत गुंडाळून घेतला, मुलाचे हात दोनदां धुवावयास लावले, आणि मग खांबास टेकून बराच वेळ उभ्या राहिल्या. कंद कळलावीचा होता.

आत्याबाईंच्या फडताळांत वैद्यकाचीं जुनीं पुस्तकें आहेत. दुपारीं तीं काढून आम्ही व आमचे धाकटे बंधु वाचीत बसलों. आपल्या ग्रंथांत ही वनस्पति लांगली ह्या नांवानें येते. लांगल म्हणजे नांगर. कंदाचा वांकडा आकार नांगरासारखा म्हणून हें नांव, आणि हलिनी हेंहि त्याच अर्थाचें. दरवर्षीं जमिनींतला जुना कंद सुकतो आणि त्याच्या जागीं नवा तयार होतो; कार्तिकांत वेल वाळून नाहींशी झाली म्हणजे खालीं काय आहे ह्याची खूण वर उरत नाहीं. धोका आहे तो ह्याच दिवसांत, कारण करांदे व कणगर खणण्याचा हंगामहि तोच. लांगलीचीं आणखी दोन नांवें ग्रंथांत आहेत: विशल्या, म्हणजे अडकलेलें शल्य बाहेर काढणारी, आणि गर्भनुत्, म्हणजे गर्भास ढकलणारी. सुश्रुतसंहितेंत, प्रसूतीनंतर वार अडकली असतां ह्या मुळीचा लेप बाळंतिणीच्या तळहातांस व तळपायांस लावावा असें सांगितलें आहे. लेप बाहेरून लावावयाचा, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. रसशास्त्रानें तर लांगलीस रुई, निवडुंग, कण्हेर, गुंज, अफू व धोतरा ह्यांच्या पंक्तीस बसवून सात उपविषांत गणलें, आणि गोमूत्रांत भिजवून शुद्ध केल्याविना ती औषधांत वापरूं नये असा दंडक घातला. आमच्या पूर्वजांस हें विष आहे हें ठाऊक नव्हतें, असें कोणासहि म्हणतां येणार नाहीं.

कोंकणी वैद्यांचा ह्या ज्ञानाशीं आणखी एक संबंध आहे. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हेडे ह्यानें मलबारांतील वनस्पतींवर ‘हॉर्तुस मलाबारिकुस’ नांवाचा ग्रंथ तयार करविला. तो १६७८ ते १६९३ ह्या काळांत आम्स्टरडॅम येथें बारा खंडांत प्रसिद्ध झाला. इट्टी अच्युतन ह्या मल्याळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व आपू भट ह्या तिघां कोंकणी ब्राह्मण वैद्यांनीं त्यास साहाय्य केलें, आणि त्यांनीं १६७५ सालीं नागरी लिपींत लिहून दिलेलें प्रमाणपत्र त्या ग्रंथांत छापलें आहे. त्यांत ही वेल मेंदोनी ह्या नांवानें आढळते. पुढें १७५३ सालीं लिनेअसनें तिला ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ हें शास्त्रीय नांव दिलें. त्याचा अर्थ वैभवशाली व दिमाखदार असा आहे. त्यांत विषाचा उल्लेख नाहीं.

विषाचा उलगडा मात्र युरोपांतील एका निराळ्या कंदानें झाला. कोल्चिकम नांवाचें एक रानटी फूल तिकडे शरद ऋतूंत फुलतें. त्याच्या जातीचा कंद वातरक्तावर, म्हणजे पायाच्या अंगठ्याचा सांधा सुजून ठणकणाऱ्या रोगावर, सहाव्या शतकांतील ट्रॅलेसचा अलेक्झांडर हा वैद्य देत असे. १८२० सालीं पॅरिस येथें पेल्तिए व काव्हांतू ह्या दोघां रसायनज्ञांनीं त्या वनस्पतींतून एक द्रव्य निराळें काढलें. तेंच पुढें कोल्चिसीन ह्या नांवानें प्रसिद्ध झालें. आणि १९१५ सालीं इंग्रज रसायनज्ञांनीं आपल्या कळलावीच्या कंदाचें पृथक्करण केलें, तेव्हां त्यांतहि तेंच कोल्चिसीन निघालें. दोन खंडांतील दोन फुलें, रूपानें कांहींच साम्य नाहीं. परंतु जमिनीखालीं दोघींनीं एकच विष सांठविलेलें.

हें विष काम कसें करतें, तेंहि आतां पुरतें ठाऊक झालें आहे. आपल्या शरीरांतील पेशी विभागतांना तिच्यांत बारीक सूत्रांची एक जुळणी होते, आणि तीं सूत्रें गुणसूत्रांच्या दोन वाटण्या दोन टोंकांस ओढून नेतात. कोल्चिसीन त्या सूत्रांच्या घटकाला चिकटतें आणि सूत्र विणूंच देत नाहीं. पेशी अर्ध्यावर अडकते. ब्रुसेल्स येथें द्युस्तँ ह्यांच्या प्रयोगशाळेनें १९३४ च्या सुमारास हा गुण दाखवून दिला. १९३७ सालीं अमेरिकेंत ब्लेकस्ली ह्यांनीं त्याचाच उपयोग करून वनस्पतींचीं गुणसूत्रें दुप्पट केलीं. आणि जपानांतील किहारा ह्यांनीं ह्याच युक्तीनें बिनबियांचें कलिंगड निर्माण केलें. एकीकडे हें, आणि दुसरीकडे माणसाच्या पोटांत कंद गेला तर काय होतें तें. ज्या पेशी भराभर विभागतात त्यांवर पहिला घाला पडतो: आंतड्याचें अस्तर, हाडांतील मज्जा, केंसांचीं मुळें. कांहीं तासांत उलट्या, पोटशूळ आणि पाण्यासारखे ढाळ सुरू होतात. पुढील दोन-तीन दिवसांत रक्त, हृदय व मूत्रपिंडें खचूं लागतात. जो वांचतो त्याचे केंस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यांत गळतात. श्रीलंकेंतील एका तरुण स्त्रीच्या सर्वांगावरील केंस असे गेल्याची हकीकत १९६६ सालीं प्रसिद्ध झाली आहे. ह्या विषास सहज मिळणारा असा खास उतारा नाहीं. शंका आली तरी घरगुती उपाय करीत न बसतां रुग्णास ताबडतोब मोठ्या रुग्णालयांत न्यावें, आणि उरलेला कंदहि बरोबर न्यावा, एवढेंच सामान्य माणसाच्या हातीं आहे.

आम्ही हें वाचीत असतां बंधूंनीं खिशांतून एक लहान पाकीट काढलें आणि त्यांतील बारीक गोळी आमच्यापुढें ठेविली. त्यांस गेलीं सहा वर्षें वातरक्ताचा त्रास आहे. गोळी कोल्चिसीनचीच, अर्ध्या मिलिग्रॅमची. दाह करणाऱ्या पांढऱ्या पेशींना सांध्याकडे धांवण्यासाठीं तींच सूत्रें लागतात. तीं थोडीं रोखलीं कीं ठणका उतरतो. भूमध्यसमुद्राच्या भोंवतालच्या लोकांत आढळणाऱ्या एका आनुवंशिक ज्वरावर १९७२ पासून, आणि आतां हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकारांवरहि, हेंच औषध देतात. ह्या शेवटच्या उपयोगास अमेरिकन सरकारच्या औषधखात्यानें २०२३ सालीं मान्यता दिली. परंतु औषध आणि विष ह्यांमधलें अंतर येथें फार थोडें. बंधूंच्या डॉक्टरांनीं त्यांस बजावून ठेविलें आहे कीं, ठणका कितीहि असो, सांगितल्यापेक्षां एक गोळी जास्त घ्यावयाची नाहीं, आणि दुसरें कोणतेंहि औषध विचारल्याविना तिच्या जोडीस घ्यावयाचें नाहीं. मुलगा हें सर्व लक्ष देऊन ऐकत होता. त्यानें विचारलें, “मग लहान आजोबा विष खातात?” बंधु म्हणाले, “हो, पण मोजून.”

हें औषध मिळवितांना कंद उपटावाच लागतो असेंहि नाहीं. तमिळनाडूंत ह्या फुलास सेंगांदळ म्हणतात, आणि तें त्या राज्याचें राज्यपुष्प आहे. तिरुप्पूर, करूर, दिंडुक्कल ह्या भागांतील कोरडवाहू जमिनींत शेतकरी ह्याची लागवड करतात. वेल आधारावर चढवितात, सकाळच्या वेळीं फुलाफुलाशीं जाऊन पराग हातानें लावतात, आणि शेंगा वाळल्या कीं बिया काढून औषधांच्या कारखान्यांस विकतात. बियांत हें द्रव्य कंदापेक्षांहि अधिक. कंद जमिनींत राहतो आणि पुढच्या पावसास पुन्हां फुटतो.

रात्रीं आरत्या झाल्या, जेवणें झालीं, आणि वाऱ्यानें वीज गेली. मुलें निजलीं. आम्ही, बंधु आणि आमच्या घरांतील मंडळी असे चौघे-पांच जण ओसरीवर आत्याबाईंजवळ बसलों होतों. केळीच्या पानांतला तो कंद अद्याप कोनाड्यांत होता. आत्याबाई कांहीं वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “सकाळीं पोरानें तो हातांत धरलेला पाहिला आणि माझ्या पायांतलें बळ गेलें. आतां सांगत्यें. माझ्यामागें सांगणारें कोणी नाहीं.”

त्यांनीं सांगितलें तें असें. त्यांची आजी नऊ वर्षांची असतां लग्न होऊन ह्या घरांत आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची गोष्ट. घरांत तिची एक नणंद होती, सतरा-अठरा वर्षांची, बालपणींच विधवा होऊन माहेरीं परत आलेली. ती आलवण नेसे आणि दर महिन्यास न्हावी मागच्या दारीं येऊन तिचें डोकें करी. नव्या सुनेची वेणी घालण्याचें काम तिनें आपण होऊन घेतलें होतें. एका पावसाळ्यांत ती विहिरीकडील खोलींतून बाहेर येईनाशी झाली. मोठीं माणसें हळू बोलूं लागलीं. तिला दिवस गेले होते. ह्याहून अधिक लिहिण्याचें कारण नाहीं. श्रावणांत एके रात्रीं तिला उलट्या व ढाळ सुरू झाले आणि चौथ्या दिवशीं ती गेली. गांवांत सांगितलें, पटकी झाली.

“अरे, पटकी एकाच माणसाला होते का?” आत्याबाई म्हणाल्या. “त्याच विहिरीचें पाणी बावीस माणसें पीत होतीं. आजी सांगे, आदल्या दिवशीं गडग्याजवळची माती उकरलेली दिसत होती. कंद तिनें स्वतः काढला, कीं घरांतल्या कोणीं काढून दिला, तें आजीला कधीं कळलें नाहीं. नऊ-दहा वर्षांच्या पोरीला कोण सांगणार? बारावें-तेरावें झालें आणि मोठ्या सासूबाईंनीं सर्वांना सांगितलें, ह्यापुढें कळलावीचें फूल घरांत आणायचें नाहीं, घरांत कळ लागते. तेव्हांपासून आपल्याकडे ही रीत.”

बंधूंनीं विचारलें, “तिचें नांव काय होतें?”

“आजी तिला वन्सं म्हणे. नांव मीहि कधीं विचारलें नाहीं.”

त्यानंतर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. दुपारीं वाचलेलें सर्व आमच्या मनांत पुन्हां एकेक उभें राहिलें. चार दिवसांचा तो क्रम पुस्तकांतल्याशीं जुळत होता. ती वांचली असती तर तिचे केंस गळले असते. परंतु ज्या डोक्यावर केंस राहूंच दिले नाहींत, त्यावर ती खूण तरी कोणास दिसली असती? गर्भ पाडण्यासाठीं म्हणून हा कंद पोटांत घेणाऱ्या बाईंस तो गर्भाबरोबर, कित्येकदां गर्भाच्याहि आधीं, मारतो. लांगलीस गर्भनुत् हें नांव देणाऱ्यांनींच तिला विषांच्या यादींत बसविलें होतें. घराघरांतून पहिला शब्द लक्षांत राहिला आणि दुसरा विसरला गेला.

अशा बाईंसाठीं दुसरी वाटच नव्हती, असेंहि नाहीं. विधवांच्या पुनर्विवाहास कायद्यानें १८५६ सालींच मोकळीक दिली होती. पुण्यास १८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनीं आपल्या घरीं बालहत्याप्रतिबंधकगृह काढलें होतें. तेथें येऊन गुपचूप बाळंत व्हावें, मूल न्यावें किंवा ठेवून जावें, अशी सोय होती. पंढरपुरास १८७५ सालीं तसेंच दुसरें गृह निघालें. आणि आमच्या गांवाहून बाणकोटच्या खाडीपलीकडे, दापोली तालुक्यांत, मुरुड आहे. तेथील धोंडो केशव कर्वे ह्यांनीं १८९३ सालीं गोदूबाई नांवाच्या विधवेशीं विवाह केला, आणि १८९६ सालीं विधवांसाठीं आश्रम काढला. मुरुडकरांनीं त्यांच्यावर बहिष्कार घातला. आमच्या घरांतील मंडळींनीं त्या वेळीं ह्याविषयीं काय म्हटलें असेल, तें आम्हांस अनुमानानें कळतें. वर्तमानपत्रें ह्या घरीं येत होतीं. पुरुषमाणसें तीं वाचीत होतीं. घाट उतरून बातमी येथवर आली होती. परंतु ओसरीवरून ती विहिरीकडील खोलीपर्यंत कोणीं पोंचविली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं गौरींचें विसर्जन होतें. सकाळीं आम्हीं एक फळी घेतली, तिला पांढरा रंग दिला, आणि तीवर मोठ्या अक्षरांत लिहिलें, ‘ही कळलावी आहे. हिचा कंद विषारी आहे. खणूं नये.’ मुलांकडून ती तीन-तीनदां वाचून घेतली आणि गडग्यास वेलीजवळ पक्की बसविली. आत्याबाई काठी टेकीत तेथवर आल्या. त्यांनीं पाटी वाचली आणि म्हणाल्या, “चांगलें केलेंस. पोरांना उपयोग होईल. पण तिला विष ठाऊक होतें रे. दुसरी वाट ठाऊक नव्हती.”

ह्यावर आम्हांजवळ उत्तर नव्हतें. संध्याकाळीं ताम्हनांतील सात खडे घेऊन सूनबाई विहिरीकडे निघाल्या. जातांना बोलण्याची मनाई नाहीं. तरी सर्व जण गप्पच होते. आत्याबाईंनीं त्यांस गडग्याशीं थांबविलें, वांकून कळलावीचें एक फूल तोडलें आणि तें त्या खड्यांवर ठेविलें. घरांत नाहीं, बाहेरच. परंतु आमच्या गौरीस त्या दिवशीं हात मिळाले. पलीकडील वस्तींतल्या बायका आपली गौर डोक्यावर घेऊन गात चालल्या होत्या, त्यांचा आवाज तेथवर येत होता.

हें सर्व लिहावें कीं न लिहावें, ह्याचा आम्हीं पुष्कळ विचार केला. घरांतील गोष्ट चवाठ्यावर मांडूं नये, अशी आपली शिकवण आहे. परंतु आत्याबाईंनींच सांगितलें, “लिही. नांवें नकोत, पण लिही.” ज्यांच्या वाड्या कोंकणांत आहेत त्यांस विनंति एवढीच कीं, कार्तिकानंतर कंद खणतांना ओळख पटल्याविना कोणताहि कंद उकडूं नये, आणि कळलावीची पूड वा लेप कोणी औषध म्हणून दिला तर तो वैद्याच्या वा डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून पोटांत घेऊं नये. आणि ज्या घरांत एखादें फूल आणावयाचें नाहीं, एखादी खोली उघडावयाची नाहीं, एखादें नांव काढावयाचें नाहीं अशी रीत आहे, त्यांनीं आपल्या घरांतील वडील बायकांस, त्या आहेत तोंवर, तिचें कारण विचारून घ्यावें.